अश्वप्रतीक, फार्सी लघुचित्रांतील व मराठवाड्यातील

अश्वप्रतीक, फार्सी लघुचित्रांतील व मराठवाड्यातील : इराण व मध्य आशियात विकसित झालेल्या फार्सी लघुचित्रकलेत घोड्याला वाहनाखेरीज लाभलेले सांकेतिक अर्थ आणि त्या अर्थांशी नाते सांगणाऱ्या मराठवाड्यातील, विशेषतः नांदेड व लातूर जिल्ह्यांतील, अश्वविषयक परंपरा. फार्सी चित्रांतील घोडा राजसत्ता, निष्ठा, प्रेम, शोक आणि आत्म्याचे उन्नयन यांचा वाहक म्हणून येतो. ही चित्रपरंपरा बहमनी काळापासून दख्खनमध्ये पोहोचली. तेथे तिला घोड्याविषयीची जुनी देशी परंपरा आधीच रुजलेली आढळली. या दोहोंच्या सहवासातून निर्माण झालेले अश्वभान मराठवाड्यात पुढे चित्रांपेक्षा उत्सव, यात्रा व उपासना यांतून अधिक टिकून राहिले.

पार्श्वभूमी : फार्सी लघुचित्रे ही प्रामुख्याने हस्तलिखित ग्रंथांच्या सजावटीसाठी काढली जात. मंगोल वंशीय इल्खानी राजवटीत (१२५६–१३३५) या कलेला निश्चित रूप येऊ लागले. तैमूरी काळात हेरात येथे व सफावी काळात तब्रिझ येथे ती परिणत अवस्थेस पोहोचली. फिर्दौसीचा शाहनामा (सु. १०१०), निजामीच्या पाच काव्यांचा संग्रह खम्सा आणि सादीचा बोस्ताँ (१२५७) हे ग्रंथ चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांकित केले. या तिन्हींत घोडा वारंवार येतो. त्यामुळे त्याच्या चित्रणाचे संकेतही पिढीजात झाले. सफावी शाह तहमास्प याच्यासाठी तयार झालेल्या शाहनाम्याच्या प्रतीत २५८ चित्रे होती. ही प्रत १५६८ मध्ये ऑटोमन सुलतान दुसरा सलीम यास नजर करण्यात आली. ग्रंथातील चित्रे हीदेखील राजनैतिक भेट ठरावी, इतके त्यांचे मोल होते.

चित्रणाचे संकेत : फार्सी चित्रातील घोडा बहुधा एका बाजूने दाखविला जातो. त्याचे डोके लहान, मान कमानदार, धड भरीव व पाय बारीक असतात. छायाप्रकाशाने घनता आणण्याऐवजी बांधीव बाह्यरेषा व सपाट रंग यांवर चित्रकाराचा भर असतो. शरीररचनेच्या अचूकपणापेक्षा घोड्याचा डौल, त्याचा वर्ण आणि त्याचा साज यांना अधिक महत्त्व असते. काळा, करडा, अबलख, तांबूस, ठिपक्यांचा असे वर्ण केवळ रंगसंगतीसाठी योजलेले नसतात. कथेतील विशिष्ट घोडा त्याच्या वर्णावरूनच ओळखला जातो. रुस्तुमाच्या रख्श या घोड्याचे वर्णन केशरी भूमीवर गुलाबाच्या पाकळ्या विखुराव्यात असे केलेले असल्याने तो नारिंगी अंगावर ठिपके असलेला दिसतो. खुस्रौचा शब्दीझ हा नावाप्रमाणेच रात्रीच्या वर्णाचा, म्हणजे काळा असतो.

प्रमुख प्रतीकार्थ : (१) राज्य व पराक्रम. शाहनाम्यात तरुण रुस्तुम आपल्या बळाला पेलेल असा घोडा शोधतो आणि कळपातील शिंगरू निवडून त्याची किंमत विचारतो. या घोड्याचे मोल म्हणजे इराणची भूमी होय, असे उत्तर त्याला मिळते. घोडा आणि देश यांचे हे समीकरण पुढील चित्रांतून सतत सूचित होते. रुस्तुम निद्रिस्त असताना रख्श सिंहाशी झुंजतो, या प्रसंगाचे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एक विख्यात चित्र लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. चित्रकार सुलतान मुहम्मद याची ती कृती मानली जाते. त्यात वीर झोपलेला व घोडा जागा आहे. पराक्रमाची धुरा येथे घोड्याकडे गेली आहे. अखेरीस विश्वासघाताने खणलेल्या खंदकात रुस्तुम व रख्श एकत्रच मरण पावतात.

(२) निष्कलंकता. खोट्या आरोपातून मुक्त होण्यासाठी राजपुत्र सियावुश अग्निदिव्य करतो. शुभ्र वस्त्रांतील सियावुश व त्याचा काळा घोडा ज्वाळांतून बाहेर पडत असल्याचे दृश्य चित्रकारांचे आवडते होते. घोडा न बिथरता अग्नीत शिरतो, ही स्वाराच्या निर्दोषत्वाची साक्षच ठरते. भारतीय वाचकाला या ठिकाणी सीतेच्या अग्निदिव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि फार्सी कथेत परीक्षा पुरुषाची आहे आणि तिच्यात घोडाही सहभागी आहे.

(३) राजधर्म. हेरातचा श्रेष्ठ चित्रकार बिहजाद याने १४८८ मध्ये सादीच्या बोस्ताँसाठी काढलेली चित्रे कैरो येथे जतन केलेली आहेत. त्यांपैकी एका चित्रात राजा दारा व त्याचा अश्वपाल यांची कथा आहे. शिकारीच्या वेळी एकटा पडलेला राजा समोरून येणाऱ्या आपल्याच अश्वपालाला शत्रू समजून त्याच्यावर बाण रोखतो. अश्वपाल त्यास सांगतो, की कळपातील असंख्य घोड्यांतून हवा तो घोडा आपण ओळखून काढू शकतो. मग राजाने वारंवार पाहिलेल्या सेवकाला ओळखू नये, हे राज्याच्या दृष्टीने घातक होय. चित्रात घोड्या, शिंगरे व हिरवे कुरण शांतपणे मांडले असून राजाच्या हातातील धनुष्य तेवढे विसंगत दिसते. येथे घोड्यांचा कळप हा प्रजेचे प्रतीक बनला आहे.

(४) प्रेम. निजामीच्या काव्यात शिरीन शब्दीझवर बसून खुस्रौच्या शोधात निघते आणि वाटेत जलाशयात स्नान करते. दुरून खुस्रौ तिला पाहतो. पण दोघेही एकमेकांना ओळखत नाहीत. चित्रात काठावर उभा असलेला काळा घोडा हा या दोघांतील अदृश्य दुवा असतो. याच काव्यातील शिल्पी फरहाद हा शिरीनला तिच्या घोड्यासह खांद्यावर उचलून घेतो. वाहकच वाह्य होण्याचा हा प्रसंग प्रेमाच्या आत्यंतिक सेवाभावाचे प्रतीक मानला जातो.

(५) शोक. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्रित झालेल्या ‘महान मंगोल शाहनामा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतीत इस्फंदियारच्या अंत्ययात्रेचे चित्र आहे. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात वीराचा घोडा स्वाराविना चालतो. त्याची आयाळ व शेपटी कापलेली असून पाठीवरील खोगीर उलटे ठेवलेले आहे. रिकाम्या खोगिराचा हा संकेत अश्वप्रतीकांतील सर्वांत प्रभावी संकेत होय. त्याच प्रतीतील दुसऱ्या एका चित्रात इस्कंदर (अलेक्झांडर) हा हिंदचा राजा फूर (पोरस) याच्या सैन्यावर आग ओकणारे पोलादी घोडे सोडताना दाखविला आहे. तेथील घोडा मात्र निष्ठेचा नव्हे, तर यंत्रवत संहाराचा निदर्शक आहे.

(६) आध्यात्मिक अर्थ. प्रेषित मुहंमदांच्या स्वर्गारोहणाच्या प्रसंगातील बुराक हे वाहन मानवी मुखाचे व अश्वसदृश देहाचे दाखविले जाते. शाह तहमास्पसाठी १५३९–४३ या काळात सिद्ध झालेल्या खम्सामधील या प्रसंगाचे चित्र विशेष ख्यातनाम आहे. सूफी वाङ्‌मयात घोडा अनेकदा वासनामय जीवात्म्याचे (नफ्स) रूपक म्हणून येतो. त्याला लगाम घालणे म्हणजे आत्मसंयमन होय. हाडे दिसणारा कृश घोडा हा फार्सी रेखाटनांतील एक स्वतंत्र विषय असून तपाने क्षीण झालेली वासना असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. चेंडूफळीचा अश्वारूढ खेळ (चौगान) हाही असाच रूपकात्मक विषय आहे. पंधराव्या शतकातील आरिफी याच्या काव्यात चेंडू व फळी यांचे नाते प्रेमी व प्रियतम यांच्या नात्यासारखे कल्पिले आहे.

दख्खनमधील प्रसार : १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्यात फार्सी ही दरबारी भाषा होती. इराण, इराक व मध्य आशियातून आलेले सरदार, व्यापारी, लेखक व कारागीर यांना तेथे आश्रय मिळाला. प्रसिद्ध वजीर महमूद गावान हा मूळचा गीलानचा. त्याने बीदर येथे १४७२ मध्ये मोठा मदरसा बांधला. बीदर हे शहर आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असल्यामुळे उदगीर, औसा व कंधार हा प्रदेश या सांस्कृतिक केंद्राच्या निकट परिसरात होता.

या काळात चांगला घोडा हा दख्खनमध्ये समुद्रमार्गे येणारा महाग माल होता. येथील हवामानात मोठ्या प्रमाणावर उत्तम अश्वपैदास होत नसल्यामुळे अरबस्तान व इराण येथील घोडे चौल, दाभोळ, गोवा इ. बंदरांत उतरविले जात. सु. १४७० मध्ये भारतात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकीतिन याने आपल्याबरोबर एक घोडा आणला होता. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो जप्त केला आणि धर्मांतराच्या अटीवर परत देण्याचे सांगितले. एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने तो त्यास परत मिळाला. पुढे बीदरला गेलेल्या निकीतिनने आळंद येथील शेख अलाउद्दीन यांच्या उरुसानिमित्त भरणाऱ्या बाजाराचे वर्णन केले असून तेथे सु. २०,००० घोडे विक्रीस येत असल्याचे नमूद केले आहे. हे आळंद आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, मराठवाड्याच्या सीमेलगत आहे. संताच्या स्थानी अश्वबाजार भरण्याची प्रथा या भागात किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

बहमनी राज्याच्या विघटनानंतर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), विजापूर व गोवळकोंडा येथे दख्खनी चित्रशैली बहरली. पहिला हुसेन निजामशाह याच्या गौरवार्थ आफताबी या कवीने रचलेल्या तारीफ-इ-हुसेनशाही या फार्सी काव्याची सचित्र प्रत (सु. १५६५–६९) पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. १५६५ मधील तालिकोटच्या लढाईची दृश्ये तीत असून विजयी सुलतान अश्वारूढ दाखविला आहे. शाहनाम्यातील वीराचा आकृतिबंध येथे समकालीन राजाला बहाल केलेला दिसतो. याच प्रतीत राणी खुंजा हुमायून हिच्या आकृती पुढे रंग लावून पुसून टाकलेल्या आढळतात. चित्रातील प्रतिमा ही सत्तेची खूण मानली जात असल्याने तिच्यावरही राजकीय उलथापालथींचा आघात होत असे.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाचे (कार. १५८०–१६२७) घोड्यावरून ससाण्याची शिकार करतानाचे चित्र दख्खनी शैलीतील श्रेष्ठ कृतींपैकी एक होय. विजापुरातच अबरी, म्हणजे रंगांची लहरदार नक्षी उमटविलेल्या कागदाचा वापर करून कृश घोड्याची चित्रे तयार झाली. त्यांत घोड्याच्या देहात नक्षीचे रंग भरलेले असतात व पक्षी त्याला टोचत असतात. अनेक प्राणी व मानव यांच्या आकृती गुंफून एकच घोडा घडविण्याची ‘मिश्राकृती’ पद्धतीही दख्खनमध्ये लोकप्रिय होती. सर्व सृष्टीचे ऐक्य किंवा आवरलेल्या वासनांचा समूह असे तिचे दोन अर्थ सांगितले जातात.

अठराव्या शतकात हैदराबाद व दख्खनच्या इतर केंद्रांत चांदबीबीची ससाण्यासह अश्वारूढ चित्रे मोठ्या संख्येने निघाली. ती तिच्या मृत्यूनंतर (१५९९ किंवा १६००) फार उशिरा काढलेली आहेत. म्हणून ती व्यक्तिचित्रे नसून किल्ल्याचे रक्षण करणाऱ्या राणीची स्मृतिचित्रे होत. मीर मुहम्मद या चित्रकाराने १६८६ पूर्वी इटालियन प्रवासी निकोलाव मनुची याच्यासाठी काढलेल्या चित्रसंचात छत्रपती शिवाजी महाराजांचे अश्वारूढ चित्र असून ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मराठी समाजमनात रूढ असलेल्या शिवप्रतिमेची एक पूर्वपीठिका अशा रीतीने फार्सी वळणाच्या दरबारी चित्रसंकेतांत सापडते.

देशी परंपरा : फार्सी प्रभाव येण्यापूर्वीही दख्खनमध्ये अश्वप्रतीक अस्तित्वात होते. सूर्यपुत्र रेवंत हा मृगयेस निघालेला अश्वारूढ देव मध्ययुगीन शिल्पांत आढळतो. मराठवाड्यात गावोगाव दिसणाऱ्या वीरगळांवर खालच्या भागात लढणारा, कित्येकदा अश्वारूढ, वीर. मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवपूजा करणारा वीर असा क्रम असतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात अश्वपरीक्षा तसेच घोड्यावरून खेळावयाचा चेंडूचा खेळ (वाजिवाह्याली) यांचे विवेचन आले आहे. कल्याणी (आजचे बसवकल्याण) हे लातूर जिल्ह्याच्या नजीकच आहे. चौगानाची फार्सी चित्रे दख्खनमध्ये पोहोचण्यापूर्वीच हा खेळ येथील राजविनोदांत समाविष्ट झालेला होता. अश्ववैद्यकावरील शालिहोत्राच्या परंपरेतील संस्कृत ज्ञान पुढे फार्सीत अनुवादित झाले. ज्ञानाची देवघेव अशा प्रकारे दोन्ही दिशांनी झाली.

नांदेड व लातूर परिसर : कंधारचा किल्ला राष्ट्रकूटकालीन परंपरेशी जोडला जातो. बहमनी व निजामशाही अमलांनंतर तो १६३१ मध्ये मोगलांनी घेतला. उदगीर व औसा हे किल्ले १६३६ मध्ये मोगलांकडे गेले. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी निजामाचा पराभव केला. घोडदळाच्या हालचालींना अनुकूल असे हे पठार दीर्घकाळ लष्करी वाटांवर होते. शिलेदार व बारगीर हा मराठी सैन्यातील भेद घोडा स्वतःचा की सरकारी यावरच आधारलेला होता. साहजिकच घोडा हा या भागात प्रतिष्ठेचा दृश्य मानदंड ठरला. या भूमीवर तीन भिन्न श्रद्धापरंपरांत घोड्याला केंद्रस्थान मिळाले.

पहिली परंपरा खंडोबाची. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाचे प्रसिद्ध स्थान असून मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस तेथे मोठी यात्रा भरते. देवस्वारी व पालखी यांनी तिचा आरंभ होतो. घोडे, उंट, गाढवे, खेचरे व गुरे यांच्या बाजारासाठी ही यात्रा ख्यातनाम आहे. कंधार परिसरातील लालकंधारी व लातूर जिल्ह्यातील देवणी या गोवंशांचीही येथे ने-आण होते. भटक्या जमातींचे लोक येथे एकत्र येत व त्यांच्या जातपंचायती भरत. देवघरातील खंडोबाच्या टाकावर हातात खड्‌ग घेतलेला अश्वारूढ देव व त्याच्यासोबत म्हाळसा कोरलेली असते. मल्हारी माहात्म्यानुसार मणी या दैत्याने मृत्यूसमयी पश्चात्ताप पावून आपला घोडा देवाला अर्पण केला व देवाजवळ स्थान मागितले. त्यामुळे खंडोबाचा घोडा हा जिंकलेल्या शत्रूच्या शरणागतीचे प्रतीक आहे. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबा या ग्रंथात (१९६१) या दैवताच्या विविध अंगांची चिकित्सा केली आहे. मुस्लिम भाविकांत हा देव मल्लूखान या नावानेही ओळखला जातो. दरबारी अश्वारूढ सरदाराची प्रतिमा आणि लोकदैवताची प्रतिमा लोकमनात किती जवळ आल्या होत्या, याचे हे नाव द्योतक आहे.

दुसरी परंपरा शिखांची. दहावे गुरू गोविंदसिंग हे १७०८ मध्ये नांदेड येथे आले व त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तेथेच त्यांचे देहावसान झाले. महाराजा रणजितसिंग यांच्या पुढाकाराने १८३२–३७ या काळात तेथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब ही वास्तू उभी राहिली. गुरू गोविंदसिंगांची रूढ प्रतिमा घोडा व हातावरील पांढरा ससाणा यांसह काढली जाते. अश्वारूढ राजा व ससाणा ही जोडी फार्सी, मोगल व दख्खनी या तिन्ही चित्रपरंपरांत सार्वभौमत्वाची खूण होती. बादशाही सत्तेला विरोध करणाऱ्या गुरूंच्या प्रतिमेत तीच खूण आल्याने तिचा अर्थ पालटला. सार्वभौमत्व दरबाराकडून पंथाकडे आले. गुरूंनी औरंगजेबाला फार्सीत लिहिलेल्या जफरनामा या पद्यमय पत्राला शाहनाम्याचेच वृत्त आहे व त्यात फिर्दौसीचा उल्लेखही आढळतो. गुरुद्वाऱ्यात घोडे पाळले जातात. ते गुरूंच्या घोड्याच्या वंशातील असल्याची श्रद्धा आहे. दसरा, होळी इ. प्रसंगी निघणाऱ्या हल्ला-महल्ल्याच्या मिरवणुकीत हे शृंगारलेले घोडे स्वाराविना चालविले जातात व भाविक त्यांना वंदन करतात.

तिसरी परंपरा मोहरमची. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन यांना वीरमरण आले व त्यांचा घोडा जुलजनाह स्वाराविना छावणीकडे परतला, ही कथा शोकविधीचे केंद्र बनली. लोकभाषेत या घोड्याला पुष्कळदा दुलदुल म्हणतात. वस्तुतः दुलदुल हे हजरत अलींच्या खेचरीचे नाव होय. कुतुबशाही व पुढे निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानभर मोहरमच्या प्रथा पसरल्या. काठीवर बसविलेल्या घोड्याच्या नालेचे पूजन, म्हणजे नालसाहेबाची सवारी, हे त्यांतील खास दख्खनी अंग आहे. येथे संपूर्ण घोड्याचे काम त्याची एक नाल करते. मराठवाड्यातील अनेक गावांत या सवाऱ्यांत हिंदू कुटुंबेही मानकरी म्हणून सहभागी होत आली आहेत.

निळा घोडा : खंडोबाच्या जागरातील लोकप्रिय पुकाऱ्यांत देवाचा घोडा निळा म्हटला जातो. गुरू गोविंदसिंगांनाही निळ्या घोड्याचे स्वार असे संबोधतात. घोड्यांच्या परिभाषेत ‘निळा’ म्हणजे पांढऱ्यावर करडी झाक असलेला घोडा. फार्सीतही ‘नीला’ हा शब्द अशा वर्णाच्या घोड्यास लावतात. मराठीतील अबलख, सब्जा, मुश्की इ. अश्ववर्णवाचक शब्दही फार्सीशी संबद्ध आहेत. लघुचित्रांत करड्या घोड्याला निळसर रंगछटा देण्याची प्रथा आढळते. बाजारातील वर्णवाचक शब्द, चित्रातील रंग आणि उपासनेतील विशेषण यांचा असा मेळ बसल्याने निळ्या घोड्याला दैवी वलय लाभले. यात कोणी कोणाचे अनुकरण केले हे ठरविण्यापेक्षा सौदागर, चित्रकार व भक्त यांची घोड्यांविषयीची परिभाषा एक होती, हे ध्यानात घेणे अधिक उद्‌बोधक ठरते.

अर्थनिर्णयाचे प्रश्न : या प्रतीकांच्या अभ्यासात दोन टोकांचे दोष संभवतात. दख्खनमधील प्रत्येक अश्वारूढ प्रतिमा इराणी मुळाची मानणे हा एक. वीरगळ, रेवंतमूर्ती व मानसोल्लास यांचे पुरावे या मताच्या विरुद्ध जातात. दुसरा दोष म्हणजे खंडोबा किंवा शिवप्रतिमा यांच्या दृश्य रूपावर फार्सी दरबारी संकेतांचा काहीच परिणाम झाला नाही असे मानणे. घोड्याचा साज, त्याचे वर्णवाचक शब्द आणि चित्रांतील मांडणी हे मत खोडून काढतात. प्रतीक एकच असले तरी अर्थ मात्र परंपरेनुसार बदलतो. रिकामे खोगीर इस्फंदियारच्या चित्रात मृत्यू सुचविते. मोहरममध्ये ते दरवर्षी नव्याने जागविलेला शोक असते. नांदेडच्या मिरवणुकीत तेच गुरूंच्या अखंड उपस्थितीची ग्वाही देते. अनुपस्थित स्वार हा एका ठिकाणी गेलेला असतो, तर दुसऱ्या ठिकाणी केवळ दृष्टीस पडत नाही. हा भेद न ओळखल्यास बाह्य साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो.

सद्यःस्थिती : हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शासनव्यवहारातून फार्सीची जागा उर्दूने घेतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यावर मराठवाड्यात मराठी ही शिक्षण व कारभाराची भाषा बनत गेली. १९६० मध्ये मराठवाडा महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. या स्थित्यंतरात लोकांच्या स्वभाषेला तिचे स्थान मिळाले. परंतु फार्सी हस्तलिखिते वाचू शकणाऱ्यांची संख्या घटल्याने जुन्या चित्रांचा कथासंदर्भ सामान्य प्रेक्षकाला दुर्बोध झाला. दख्खनी चित्रांचा मोठा भाग लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस, डब्लिन इ. ठिकाणी गेला आहे. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय व पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ ही मराठवाड्याच्या त्यातल्या त्यात जवळची ठिकाणे होत.

मोटारी व ट्रॅक्टर आल्यावर वाहतूक आणि युद्ध या दोन्ही क्षेत्रांतून घोडा मागे पडला. त्यामुळे माळेगावसारख्या यात्रांतील अश्वबाजाराचे स्वरूपही बदलले. आता घोडा मुख्यत्वे लग्नाची वरात, शर्यत, प्रदर्शन व हौस यांसाठी घेतला जातो. तथापि अश्वपरीक्षेचे पारंपरिक ज्ञान तेथे अद्याप व्यवहारात आहे. घोड्याच्या अंगावरील केसांचे भोवरे, चारही पाय व तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी, चाल, दात व खोडी यांवरून शुभाशुभ व किंमत ठरविली जाते. हे ज्ञान प्रामुख्याने भटक्या व पशुपालक समाजांकडे मौखिक रूपाने राहिले असून त्याची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. बोस्ताँमधील अश्वपालाप्रमाणे कळपातील एकेक घोडा ओळखणारी माणसे जोवर आहेत, तोवर हस्तलिखितांतील घोड्यांचे वर्ण, लक्षणे व साज यांचा उलगडा करण्यास जिवंत साहाय्य उपलब्ध आहे. चित्रसंग्रहांचे अभ्यासक आणि यात्रेतील जाणकार यांच्या ज्ञानाचा मेळ घातल्यास दख्खनी अश्वचित्रांच्या अर्थनिर्णयाला नवी दिशा मिळू शकेल.